साडेतीन महिन्यांचा डोस

कांद्याचा वास काही कुणी अत्तराच्या कुपीत भरून ठेवावा असा नसतो. तरी एप्रिल लागला आणि मी नगरच्या केडगावहून गावाकडे निघाले, की कामरगावचा घाट ओलांडल्याबरोबर एसटीची काच सरकवते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना उन्हाळी कांद्याची काढणी चाललेली असते. उपटून पसरलेले कांदे, त्यांच्यावर वाळत आलेली पात आणि उन्हात मुरलेला तो उग्र, किंचित गोडसर दर्प. शेजारची बाई नाकाला पदर लावते आणि माझ्याकडे रागाने बघते. बघू दे. मला तो वास पोटभर घ्यायचा असतो, कारण माझ्या मुलीचा साडेतीन महिन्यांचा डोस त्याच वासात झाला.

तन्वी आता पहिलीत आहे. पुढचे दोन दात पडलेत, बोलताना हवा सुटते आणि तरी बोलणं थांबत नाही. तिला त्या उन्हाळ्यातलं काही आठवत नाही, आठवायचं कारणही नाही. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मात्र अधूनमधून टाळेबंदीचा विषय निघतो. कुणी घरी केक शिकलं, कुणी नवऱ्याचे केस कापले आणि महिनाभर भांडण झालं. कुणाचं जवळचं माणूस गेलं, तो विषय आला की सगळे घंटा वाजायची वाट बघतात. राहून गेलेल्या डोसांबद्दल कुणीच बोलत नाही. कसं बोलणार? घडलेल्या गोष्टीची आठवण राहते. न घडलेल्या गोष्टीची आठवण ठेवायला ती कुठे दिसावी तरी लागते, आणि जे पोर खेळतंय, हसतंय, त्याच्या अंगावर राहिलेला डोस काही दिसत नाही.

नव्या आईचं कॅलेंडर वेगळंच असतं. दीड, अडीच, साडेतीन. दीड महिन्याला पहिला डोस, अडीचला दुसरा, साडेतीनला तिसरा. पहिली खेप म्हणून बाळंतपणाला मी माहेरी, श्रीरामपूरला होते. पहिले दोन डोस तिथे आईच्या पदराखाली झाले. दोन्ही वेळी संध्याकाळी तन्वीचं अंग तापलं, मांडीवर सुपारीएवढी गाठ आली, मी रडले, आई हसली, आणि दुसऱ्या दिवशी पोर नेहमीसारखी हात-पाय झाडायला लागली. मार्चमध्ये मी बाळाला घेऊन सासरी गावाला आले. चार दिवस आत्याबाईंना नातीचं कौतुक करू द्यायचं आणि केडगावला जायचं, असा बेत होता. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. माझे मिस्टर केडगावला राहिले, कारण त्यांची कंपनी औषधांच्या बाटल्या बनवते आणि ती बंद होणार नव्हती. बाकी सगळं बंद झालं. एसटी बंद, दवाखान्यातली नेहमीची कामं बंद, आणि दर महिन्याला अंगणवाडीत होणारा लसीकरणाचा दिवसही बंद.

तेव्हाची शांतता मला अजून ऐकू येते. पुणे रस्त्यावरची गाड्यांची घरघर थांबली होती. भर दुपारी लांबच्या वस्तीवरचा कोंबडा आरवला तरी कळायचं. दारात पाण्याची बादली, साबणाची वडी. आत्याबाईंनी त्या बादलीत स्वतःच्या मनाने लिंबाचा पाला घातला होता. गावात शिरायच्या रस्त्यावर पोरांनी बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकल्या, मागे एक ट्रॅक्टरची ट्रॉली लावली आणि तोंडाला रुमाल बांधून पाळीपाळीने पहारा सुरू केला. बाहेरचा माणूस आत नाही. गावबंदी. पोरं वाईट नव्हती. त्यांना काहीतरी करायचं होतं आणि काटे टाकणं तेवढं त्यांच्या हातात होतं.

त्या काट्यांपाशी एक दिवस सिस्टरची स्कूटी अडली. सिस्टर म्हणजे आमच्या उपकेंद्राच्या नर्सबाई. गावातल्या निम्म्या पोरांनी आयुष्यातलं पहिलं मोठं भोकाड त्यांच्यासमोर पसरलेलं. त्यांचा मला फोन आला.

“मॅडम, लस आलीये. दिवस ठरवून परत सुरू करा म्हणून वरून सांगितलंय. पण तुमच्या गावची पोरं म्हणतात, तुम्ही त्याच दवाखान्यातून येता जिथे पेशंट येतात, तुम्हीच आणाल रोग. त्यांचंही काय चुकलं म्हणा. पण लस आणू कुठे?”

मी म्हटलं, मी बोलते. मला वाटलं होतं, काटे बाजूला झाले की झालं. खरा काटा वेगळ्याच जागी होता.

आमच्या गल्लीतली संगीता कांद्याच्या टोळीत कामाला जायची. तिचं बाळ दोन महिन्यांच्या पुढे गेलेलं. ती नवऱ्याच्या मागे मोटरसायकलवर बसून, आडवाटेने, तालुक्याच्या गावी जाऊन बाळाला डोस देऊन आली. संध्याकाळी बाळाला ताप आला. यायचाच होता. पण ग्रामसमितीने ताप मोजायची बंदूक घेतली होती आणि भाऊबंदातला सागर ती घेऊन रोज संध्याकाळी घरोघर फिरायचा. कपाळावर रोखायची, टुक् वाजायची, आकडा यायचा. संगीताच्या बाळाचा आकडा लाल आला. झालं. ती दोघंजणं बाळासकट मराठी शाळेच्या खोलीत. बाहेरून भाकरी खिडकीत ठेवायची आणि लांब व्हायचं. बाळ दुसऱ्याच दिवशी बरं झालं, पण त्यांना सोडलं ते नियमाचे दिवस भरल्यावर. तोवर तिच्या दारावरून जाताना बायका पलीकडच्या कडेने जाऊ लागल्या होत्या.

मग गावातल्या सगळ्या लेकुरवाळ्यांच्या डोक्यात एक सरळ हिशेब बसला. सुई दिली की ताप येतो. ताप आला की शाळेत नेऊन ठेवतात. म्हणजे सुईच नको. बाहेरचं कुणी ऐकलं तर म्हणेल, काय अडाणीपणा. मला तसं म्हणवलं नाही, अजूनही म्हणवत नाही. या बायकांना सुईची भीती कधीच नव्हती. आईच्या आधी आजीच पोराला काखोटीला मारून अंगणवाडीत यायची, त्या ह्या बायका. त्यांना भीती होती ती माणसांची, आणि ती अगदी खरी होती.

आत्याबाई तर उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

“एक डोस ऱ्हायला म्हनून काय आभाळ कोसळतंय का? हे समदं निवळलं की देऊ.”

“कधी निवळणार आत्याबाई? कुणी सांगितलंय का?”

“तुला शाळंच्या खोलीत लेकरू घिऊन बसायचंय का? पंख्याबिगर? वली बाळंतीन तू.”

“बसेन,” मी म्हटलं. मी मुळातच हट्टी, त्यात तो उन्हाळा. पण आतून मला माहीत होतं, मी एकटी बसेन, बाकीच्यांचं काय? आणि खरं सांगायचं तर माझंही धाडस बोलण्यापुरतंच होतं. साडेतीन महिन्यांची तारीख येऊन गेली होती. रोज सकाळी अंघोळ घालताना तन्वीच्या त्या मऊ मांडीकडे बघितलं की मला कुणाचं तरी उसनं परत करायचं राहिल्यासारखं वाटायचं.

हल्ली मला वाटतं, लस फार चांगलं काम करते आणि तिथेच तिची पंचाईत होते. ज्या रोगांसाठी ती असते त्यांची नावंसुद्धा आपण विसरून जातो. घटसर्प म्हटलं की माझ्या वर्गातली मुलं सापाचा प्रकार समजतात. डांग्या खोकला म्हटलं की हसतात. मीही एकेकाळी हसले असते. माझ्या पिढीने तो ऐकला नाही. तो फक्त म्हाताऱ्या बायकांच्या कानात राहिला आहे.

मला तो कळला एका ठेच्यामुळे. आत्याबाई चुलीवर मिरच्या भाजत होत्या. खाट घरभर पसरला आणि झोळीत निजलेली तन्वी ठसकली. साधा ठसका. एक, दोन, तीन, मग श्वास घ्यायला जरा अडखळली आणि पुन्हा ठसकली. आत्याबाईंच्या हातातला तवा खाली आदळला. त्यांनी पोरीला झोळीतून उचललं, पळत अंगणात नेलं आणि तिच्या ओठांकडे बघत राहिल्या. ठसका केव्हाच थांबला होता, तन्वी उजेडाला डोळे मिचकावत होती, तरी त्या ओठच बघत होत्या.

“आत्याबाई, मिरचीचा खाट होता तो.”

“व्हय,” त्या म्हणाल्या. पण पोरीला खाली ठेवलं नाही. माझ्याकडे न बघता बोलल्या. “माजी थोरली. तुज्या नवऱ्याच्या आधीची. तिला डांग्या झाल्ता. उबळ आली की श्वासच घ्यायची न्हाई, निळी पडायची. मंग मोठ्यानं वढून घ्यायची श्वास, आसा आवाज यायचा की आंगावर काटा. पुन्यांदा उबळ. एक दिवस उबळ आली आन् मागचा आवाज आलाच न्हाई.”

घरात त्या मुलीचा फोटो नाही, नाव कधी कुणी घेत नाही. माझ्या नवऱ्यालाही एवढंच माहीत होतं की आपल्या आधी एक बहीण होती.

“तेव्हा लस नव्हती का?”

“आसंल की. शेर-गावात आसंल. आमाला कुनी सांगितलं न्हाई.” त्यांनी तन्वीचं डोकं पदराने पुसलं. “तिसऱ्या सुईत त्येच्यावरचं आसतं का गं?”

“असतं. तिन्हींत असतं. म्हणूनच तीन देतात.”

मला वाटलं आता हो म्हणतील. पण त्यांना एका बाजूला ती निळी पडलेली पोर दिसत होती आणि दुसऱ्या बाजूला शाळेची खोली, आणि दोन्हीच्या मध्ये त्या नुसत्या उभ्या होत्या. “तुजं तू बघ,” एवढं म्हणून त्यांनी तवा उचलला.

दुसऱ्या दिवशी मी तन्वीला पाठीशी बांधून आमच्या कांद्याच्या वावरात गेले. यमुनाकाकूंची टोळी लागली होती. यमुनाकाकू म्हणजे गावातल्या काढणीच्या बायकांच्या म्होरक्या. अंगाने किरकोळ, आवाज मात्र पलीकडच्या शिवारात जाणारा. त्यांच्या टोळीची एक रीत आहे, ती मला लग्न होऊन आल्यापासून आवडते. प्रत्येकीला एकेक वाफा. कांदा उपटायचा, विळ्याने पात छाटायची, ढीग लावायचा. जिचा वाफा आधी उरकेल तिने बांधावर जाऊन बसायचं नाही. तिने मागे पडलेलीच्या वाफ्यात शिरायचं. कुणाला बरं नसतं, कुणाला मधेच पोराला पाजायला उठावं लागतं. सगळ्या मिळून तिचा वाफा उरकतात आणि मग सगळ्या एकदम बांधावर येतात. एकीला मागे ठेवून दुसरीने डब्याचं झाकण उघडायचं नाही.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लिंबाखाली बायका अंतर ठेवून बसल्या होत्या. नाकावर पदर त्यांना नवा नव्हता, कांद्यासाठी त्या तो आधीपासूनच बांधायच्या. फांद्यांना पोरांच्या झोळ्या टांगलेल्या. मी सिस्टरचा निरोप सांगितला. कुणी मान वर केली नाही. संगीता तर विळ्याची धारच बघत बसली.

“बाई, आमाला का कळत न्हाई?” एक जण शेवटी म्हणाली. “पन हिचं काय झालं बगितलं न्हवं तुमी?”

यमुनाकाकू भाकरीचा तुकडा मोडत होत्या. तो तसाच हातात धरून त्यांनी विचारलं, “संगे, तुला का नेलं गं शाळंत?”

“ताप आल्ता म्हनून.”

“न्हाई. एकटी हुतीस म्हनून.” त्यांनी तुकडा तोंडात टाकला. काकूंनी सावकाश चावून, पाणी पिऊन पुढे बोलायला सुरुवात केली. “एका घरात ताप निगाला तर त्यो रोग. समद्या घरांत एकाच दिवशी, सुई दिलेल्या पोरांनाच निगाला, तर त्यो सुईचा. हे आंधळ्याला बी दिसंल. मंग समद्यांचं एकदमच घ्या की उरकून. मागं कुनी ऱ्हायची न्हाई.”

“आन् तरी बी नेलं तर?”

“तर समद्यांनाच नेत्याल. शाळंत जागा हाय का तेवढी? आन् ह्यो कांदा कोन काडनार, सागऱ्या?”

पहिली हसली ती संगीता. मग सगळ्याच. हसता हसता एकेक जण आपल्या पोराचा कुठला डोस राहिलाय ते सांगायला लागली. एकीला आठवत नव्हतं, दुसरीला तिचाही आठवत होता.

“पण सिस्टरला आत सोडणार नाहीत काकू,” मी म्हटलं.

“गावात बंदी हाय. वावरात कुनी केली बंदी? पानंदीनं येऊ द्या त्यांना.”

मी फोन केला, आणि ठरल्या दिवशी सिस्टर पाणंदीने आल्या. बैलगाडीच्या चाकोरीतून, स्कूटी ढकलत, पुढ्यात बर्फाचा निळा डबा, तोंडावर मास्क, त्यावर आणखी प्लास्टिकचा पडदा. लिंबाखाली त्यांनी चादर अंथरली, हात धुतले. आधी बाळाच्या अंगात आजच ताप नाही ना बघायच्या, मग पोलिओचे थेंब, मग सुई. एकेक आई वाफ्यातून उठून यायची, हात घासून घासून धुवायची, पोराला मांडीवर घ्यायची. पोराने किंकाळी फोडली की वाफ्यातून कुणीतरी ओरडायचं, “झालं रं झालं!” सुई झाली की सिस्टर अर्धा तास सावलीत बसवून ठेवत. तापाचं औषध किती द्यायचं, मांडी चोळायची नाही, गाठीवर काही लावायचं नाही, सगळं प्रत्येकीला नव्याने सांगत. आणि तेवढ्या वेळात त्या आईचा वाफा बाकीच्या उरकत होत्या.

तन्वीची पाळी आली तेव्हा मी तिचे पाय धरले. कांद्याचा तो दर्प, ऊन, तिच्या टाळूचा दुधट वास. दोन्ही मांड्यांत सुया गेल्या. ती रडली आणि मला इतकं सुटल्यासारखं झालं की मीही रडले. सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, कांद्यामुळे ना?” मी हो म्हटलं. मला भीती वाटत होती, आनंदही झाला होता, आणि कधी नव्हे ती मी त्या गावची झाले होते.

संध्याकाळी ताप आला. ठरल्यासारखा, घरोघर. फक्त एका बाळाला आला नाही. त्याचा नऊ महिन्यांचा गोवराचा डोस होता, आणि त्याचा ताप आलाच तर आठवड्याने येतो असं सिस्टरने सांगितलं होतं. तरी त्याची आई उगीचच त्याचं कपाळ चाचपत राहिली. आमच्या पडवीत बायका पोरं घेऊन जमल्या. लांब लांब बसल्या, पण जमल्या. घरात एकटीने बसायचं नाही असं यमुनाकाकूंनी बजावलं होतं. आत्याबाई आत चुलीपाशी होत्या. दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

दिवे लागायच्या सुमाराला सागर आला. दारातच थबकला. मग हातातली बंदूक वर करून एकेका पोराच्या कपाळावर धरत गेला. टुक्. लाल. टुक्. लाल. टुक्. पुन्हा लाल. त्याचं वय तरी काय होतं, कॉलेजचं दुसरं वर्ष. रुमालाच्या वर त्याचे डोळे घाबरलेले दिसत होते.

“वहिनी, हे... एवढ्यांना? मला कळवावं लागंल.”

मी उठणार तेवढ्यात आतून आत्याबाई आल्या. त्यांनी माझ्या मांडीवरून तन्वीला उचललं. पोर तापाने फणफणत होती, गाल लाल झाले होते, आणि आजीच्या खांद्यावर आल्याबरोबर तिने मान टाकली. आत्याबाई सागरच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. अंतराचं वगैरे त्यांना सुचलं नाही.

“हिच्या बी लाव.”

“काकू, ऱ्हाऊ द्या...”

“लाव म्हनते ना.”

टुक्. लाल.

“हाय ना ताप? बगितलास? आता आईक. माज्या घरात येकदा न बोलवता खोकला आल्ता. कुनी इचारलं न्हाई, कुनी मोजलं न्हाई, कुनी शाळंत नेलं न्हाई. माजी पोर घिऊन गेला.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “ह्यो ताप तसा न्हाई. ह्यो आमी बोलावून आनलाय. समद्यांनी मिळून. सकाळच्याला जाईल. गेला न्हाई तर मी सोता हिला घिऊन तुज्या मागं चालत येते, शाळंत म्हन, नगरला म्हन.”

सागरने बंदूक खाली केली. खिशातून मोबाईल काढला. समितीचा ग्रुप उघडला आणि तसाच उभा राहिला. बोट नुसतं काचेवर धरलेलं.

“काकू, ग्रुपवर काय टाकू मग?”

आत्याबाईंनी तन्वीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“टाक, पोरांना सुईचा ताप हाय म्हनून. आन् पोरं बरी हायेत म्हनून.”

त्याने तसंच टाकलं.